आईचा चहा आणि माझ्या चार ओळी

एका शनिवारी माझ्या आईने निम्म्या कोल्हापूरला चहाला बोलावले, आणि त्यातल्या एकाही माणसाला ती ओळखत नव्हती.

यात आईची काहीच चूक नव्हती. चूक होती माझ्या चार ओळींच्या प्रोग्रॅमची. आणि प्रोग्रॅमला तरी काय बोलायचे? तो बिचारा मी सांगितले तेवढेच करत होता!

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. शाहूवाडी तालुक्यातल्या आमच्या गावात संगणकाची डिग्री म्हणजे नेमके काय, हे कुणालाच माहीत नाही. त्यामुळे मला सगळेच येते असा सर्वांचा समज आहे. कुणाचा टीव्ही बंद पडला, बोलवा रणजितला. मिक्सरमधून वास आला, बोलवा रणजितला. एकदा तर म्हैस दूध देईना म्हणूनही मला हाक आली होती. (मी गेलो. नुसता बघून आलो. दुसऱ्या दिवशी तिने दूध दिले, आणि माझी कीर्ती आणखी वाढली.) मी या लोकांचा मनापासून ऋणी आहे. त्यांनी माझ्यावर जेवढा विश्वास टाकला, तेवढा माझ्या परीक्षकांनीही टाकला नव्हता.

तर झाले असे. कोल्हापुरात महिला बचत गटांच्या मालाचे दोन दिवसांचे प्रदर्शन भरणार होते. आईच्या गटाने पावसाळ्याआधी नाचणीचे पापड केले होते, आणि ते शहरात नेऊन विकायची कल्पना आईची. गटाच्या अध्यक्षा शालनकाकू पहिल्यापासून विरोधात.

"अगं सुमन, शेरातली माणसं नाचणीचा काळा पापड खात्यात व्हय? त्यास्नी पांढरं लागतंय सगळं!"

"खात्यात. एकदा तोंडात पडू दे की."

"आणि न्हाय खपला तर?"

"तर मी पोती घिऊन परत येतो. आणि परत गटात तोंड उघडत न्हाय."

आई आयुष्यात पहिल्यांदाच चार बायकांच्या पुढे होऊन काहीतरी बोलली होती. पोती परत आली असती, तर जीपमधून उतरताना सगळे गाव बघणार होते. म्हणजे पापड खपणे ही काही साधी गोष्ट राहिली नव्हती.

आदल्या दिवशी आई आणि शालनकाकू पोत्यांसह माझ्या कोल्हापूरच्या कळंब्यातल्या भाड्याच्या खोलीवर येऊन दाखल झाल्या. आल्या आल्या आईने पिशवीतून एक कागद काढला. संयोजकांनी कळवले होते की प्रत्येक स्टॉलने आपली तीस सेकंदांची जाहिरात रेकॉर्ड करून आणावी. मैदानावरच्या स्पीकरवरून सगळ्यांच्या जाहिराती आलटून पालटून दिवसभर वाजतील.

"ह्ये तू करायचं," आई म्हणाली. "म्हणून तर तुला शिकवलंय."

मी भरून पावलो. लगेच बसून जाहिरात लिहिली. माझ्या शाळेतल्या मराठीच्या गुरुजींना अभिमान वाटावा अशी: 'सन्माननीय ग्राहकहो, सप्रेम नमस्कार! प्रवेशद्वारापासून डाव्या हाताच्या शेवटच्या स्टॉलवर अवश्य या. येथे पौष्टिक, खमंग आणि रुचकर असे नाचणीचे पापड आपल्या सेवेत सादर आहेत.' वगैरे वगैरे.

आईने वाचले. "ह्ये कोण बोलणार?"

"तू."

"मी कवा अशी बोलतो?"

"आई, जाहिरात अशीच असते."

मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केले. शेतावर उभी राहून ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारणारी माझी आई! फोन समोर धरल्याबरोबर तिचा आवाज शाळा तपासायला साहेब आल्यासारखा बारीक झाला. 'सन्माननीय' तिथे 'सन्मानीय', 'प्रवेशद्वार' तिथे 'परवेश... परवेश... रणजित, फाटक म्हनलं तर चालंल काय रं?'

"चालेल, पण थांबू नको. चालू राहू दे. नको तेवढं मी नंतर कापतो."

हे वाक्य मी फार सहज बोललो. त्याचे काय होणार आहे, हे मला तेव्हा कळले असते तर मी जीभच चावली असती. कारण 'नंतर कापतो' म्हटल्यावर मी रेकॉर्डिंग बंदच केले नाही. मधे शालनकाकूंना शिंका आल्या. खाली भंगारवाला ओरडून गेला. कुकरने शिट्ट्या मारल्या. सगळे रेकॉर्ड!

शेवटी कशीबशी आई तयारीला आली, आणि नेमके तेव्हाच आमचे घरमालक तात्या पाण्याची टाकी बघायला वर आले. तात्यांना ऐकायला कमी येते. दारातून आत डोकावून, "चालू द्या, चालू द्या," म्हणत ते जिन्याकडे वळले. झाले! आपल्या पोराच्या दारातून माणूस चहा न घेता चाललेला बघून आई फोन, जाहिरात, ग्राहकहो, सगळे विसरली. आणि तात्यांना ऐकू जावे म्हणून तिने ओढ्यापलीकडचा आवाज लावला.

"ओ, कुठं निगालासा? या की! या, बसा! आवो, च्या टाकलाय! आमच्यात आल्यालं माणूस च्या घेतल्याबिगार जात न्हाय! लाजायचं न्हाय अजिबात! पोराबाळास्नीबी घिऊन या, सगळ्यास्नी पुरंल!"

तात्या परत फिरले. आईने त्यांना बसवले, आणि ते बसताहेत तोवर एका दमात, एकही चूक न करता, सगळी जाहिरात म्हणून टाकली!

"झालं!" मी ओरडलो. "आता फक्त कापायचं."

शालनकाकू म्हणाल्या, "आमची नात फोनवरच बोटानं कापती की. आत्ता कापून दील."

"काकू, ते हौशी लोकांचं काम," मी म्हणालो. "मी कोड लिहून कापतो. चार ओळींचं काम आहे."

(पदवीधर माणसाने 'चार ओळींचं काम आहे' असे म्हटले की आजूबाजूच्यांनी जेवून घ्यावे.)

फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून रेकॉर्डिंग फोनमधून काढून लॅपटॉपवर टाकले आणि चार ओळी लिहिल्या. फाइल उघड, इथून इथपर्यंत घे, नव्या फाइलमध्ये ठेव, संपले. पहिल्याच फटक्यात उत्तर आले: अशी फाइलच नाही! समोर दिसतेय की! बराच वेळ भांडल्यावर कळले की फाइलला नाव देताना शेवटी माझ्या हातून एक मोकळी जागा पडली होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती, पण संगणकाला दिसत होती.

नाव सुधारले. मग तो म्हणाला, या प्रकारचा आवाज उघडायला मला एक मदतनीस प्रोग्रॅम लागतो, आणि तो तुझ्याकडे नाही. मी शहाणपणा केला. फाइलच्या नावातले शेवटचे अक्षर बदलून तिला एमपीथ्री म्हटले. (म्हशीला गळ्यात पाटी अडकवून घोडा म्हणावे, तसे.) संगणक फसला नाही. शेवटी तात्यांच्या वायफायवरून तो मदतनीस उतरवून घेतला. तोवर तात्यांचा तिसरा चहा झाला होता.

"झालं काय रं?" आई.

"होतंय."

आता प्रोग्रॅम चालला! कापलेला तुकडा तयार झाला. मी अभिमानाने सगळ्यांना जवळ बोलावले. आई, काकू, तात्या, सगळे लॅपटॉपभोवती गोळा झाले. मी बटण दाबले.

"टक्."

एवढाच आवाज.

"ह्ये मी बोललो?" आई म्हणाली.

"लई थोडक्यात बोललीस सुमन," शालनकाकू म्हणाल्या.

मी सेकंद लिहिले होते, आणि प्रोग्रॅम मोजत होता सेकंदाचा हजारावा भाग. तीस सेकंदांऐवजी त्याने डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा तुकडा दिला होता. चूक सापडल्याच्या आनंदात मी म्हणालो, "सोप्पंय! मिनिटं लिहायची, साठाने गुणायचं, मग हजाराने गुणायचं." आईने नीट म्हटलेली जाहिरात बारा मिनिटे पंचेचाळीस सेकंदांनी सुरू होत होती. मी लिहिले, १२.४५. तिथून पुढे तीस सेकंद घे.

तुम्ही हसला असाल, तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार आहात. तुम्ही हसला नसाल, तर आपण एकाच शाळेत शिकलो असणार. १२.४५ म्हणजे संगणकाच्या लेखी बारा मिनिटे आणि एका मिनिटाचे पंचेचाळीस शतांश. म्हणजे सत्तावीस सेकंद! तुकडा हवा तिथून नव्हे, अठरा सेकंद आधीपासून सुरू होत होता.

ऐकून बघायला हवे होते, हे मान्य. पण खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. जाहिरात त्याच संध्याकाळी स्पीकरवाल्याकडे द्यायची होती, आणि पोतीही मैदानावर उतरवायची होती. मी फाइलची लांबी तेवढी बघितली. बरोबर तीस सेकंद! लांबी बरोबर म्हणजे माल बरोबर, असे मला माझ्या शिक्षणाने सांगितले. पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि निघालो.

शनिवारी सकाळी प्रदर्शन सुरू झाले. आमचा स्टॉल डाव्या हाताचा शेवटचा, म्हणजे गिऱ्हाईक तिथे पोचेपर्यंत त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या आणि तोंडावर कंटाळा. येणारे येत, पापडाकडे बघत, "काळं का हाय?" असे विचारत आणि जात. शालनकाकू प्रत्येक वेळी आईकडे बघत. आई पोत्यांकडे बघे.

"जाहिरात लागू दे, मग बघा," मी धीर दिला.

आणि जाहिरात लागली.

मैदानाच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून, ओढ्यापलीकडच्या आवाजात, माझी आई गरजली: "ओ, कुठं निगालासा? या की! या, बसा! आवो, च्या टाकलाय! आमच्यात आल्यालं माणूस च्या घेतल्याबिगार जात न्हाय! लाजायचं न्हाय अजिबात! पोराबाळास्नीबी घिऊन या, सगळ्यास्नी पुरंल!"

सगळे मैदान थबकले. बाहेर पडणारा एक माणूस तर गुन्हा करताना सापडल्यासारखा फाटकातच उभा राहिला.

मग तोच आवाज, एकदम बारीक होऊन: "सन्माननीय ग्राहकहो, सप्रेम नमस्कार! प्रवेशद्वारापासून डाव्या हाताच्या शेवटच्या स्टॉलवर अवश्य या. येथे पौष्टिक, खमंग आणि—"

तीस सेकंद संपले. पुढच्या स्टॉलची जाहिरात लगेच जोडलेली होती. एका पुरुषाचा खणखणीत आवाज आला: "गांडूळखत! अस्सल गांडूळखत!"

आई जागेवरच खाली बसली. "रणजित, ह्ये काय केलंस रं?"

"आई, अठरा सेकंदांचा फरक पडला."

"अठरा सेकंदात गाव गोळा केलंस की!"

खरेच, डाव्या हाताला माणसे यायला लागली होती. पहिले आले एक फेटेवाले आजोबा. आल्या आल्या काउंटरवर काठी ठेवली.

"च्या कुठाय?"

"आजोबा, चहा नाही, पापड आहेत," मी म्हणालो.

"पावणं, आत्ता बाईनं बोलीवलं की कर्ण्यातनं! मी फाटकातनं माघारी आलोय."

त्यांच्या मागे एक कुटुंब होते. (पोराबाळांसकट. सांगितलेच होते तसे.) त्यांच्या मागे कॉलेजच्या मुली. त्यांच्या मागे कुणीतरी विचारत होते, "साखर कमीचा मिळंल काय?" सगळ्यात शेवटी गांडूळखतवाला स्वतः उभा होता. "माझी जाहिरात तुमच्या 'खमंग'ला चिकटलीया," तो म्हणाला, "लगीच लोक मला चव विचाराय लागल्यात!"

मी धावत स्पीकर सांभाळणाऱ्या सलीमभाईंकडे गेलो.

"सलीमभाई, आमची जाहिरात बंद करा!"

"बंद? अरे, आख्ख्या मैदानात एक तीच तर ऐकण्यासारखी हाय! बाकी सगळे 'सन्माननीय, सन्माननीय' करायलेत."

"चुकीची आहे हो ती!"

"मग बरोबरची दे, लावतो."

बरोबरची! तेवढ्यात आठवले: दुसऱ्यांदा कापताना घाईत मी नव्या तुकड्याला मूळ रेकॉर्डिंगचेच नाव दिले होते. म्हणजे तुकडा मूळ रेकॉर्डिंगवरच चढून बसला होता. आईने एका दमात म्हटलेली सगळी जाहिरात 'खमंग आणि' या शब्दांपुढे जगातून नाहीशी झाली होती. तिथे त्या कर्ण्याच्या खांबाला टेकून मी माझी डिग्री मनातल्या मनात विद्यापीठाला परत केली.

परत आलो तर शालनकाकूंचा आवाज दुरूनच ऐकू आला.

"पापड खपवाय आलोय का हाटेल टाकाय? सांग त्यास्नी, चूक झाली म्हणून!"

"कसं सांगू?" आई म्हणाली. तिने पदर खोचला होता. "माझ्या तोंडानं बोलीवलंय मी. बोलावून आल्यालं माणूस कोरडं लावून द्यायचं? न्हाय जमायचं मला. रणजित, दूध आण!"

"किती आणू?"

"सगळ्यास्नी पुरंल म्हनलंय मी. त्या हिशोबानं आण."

मी पळालो. शेजारच्या थालीपीठवाल्या वहिनींनी आपली एक शेगडी आणि मोठे पातेले दिले. मी दूध, साखर, चहापूड, आणि मग कप विसरलो म्हणून पुन्हा पळून कप आणले. संगणकशास्त्राचा पदवीधर मी, पातेल्यापुढे उभा राहून चहा गाळू लागलो. आणि दर थोड्या वेळाने कर्ण्यातून आई आणखी माणसे पाठवत होतीच! समोरची आई चहा ओतत म्हणायची, "आता नगं रं बाबा बोलवू!" आणि वरची आई म्हणायची, "लाजायचं न्हाय अजिबात!"

आमच्या गावाकडची माणसे फुकटच्या चहालाही नावे ठेवतात, पण कोल्हापूरची माणसे तर तोंडावर ठेवतात.

"मावशी, कप लई बारका हाय."

"आलं न्हाय काय घातलं?"

फेटेवाले आजोबा दुसरा कप संपवून म्हणाले, "नुसता च्या पचत न्हाय बगा. संगट कायतरी असावं की."

आई थांबली. तिने शालनकाकूंकडे बघितले. शालनकाकूंनी पोत्याकडे बघितले आणि त्या पोत्याच्या पुढे आडव्या झाल्या.

"सुमन, फुकट न्हाय हं!"

"एक-एक. पयला माझ्याकडनं, पुढचा इकत." आईने वहिनींच्या कढईत पहिला पापड सोडला. तो फुलला, तांबूस झाला, आणि त्याचा वास मंडपभर गेला.

आजोबांनी कडकन मोडला. चावला. पुन्हा चावला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शालनकाकू पुटपुटत होत्या, बहुधा देवाचे नाव घेत होत्या.

"मावशी," आजोबा म्हणाले, "च्या बरा हाय तुमचा. बराच. पण ह्यो पापड कुठं मिळतो?"

"हितंच की!"

"हितं? मग कर्ण्यातनं च्याचं काय सांगत बसलाय? पापडाचं सांगा की!"

आईने माझ्याकडे फक्त बघितले. मी पातेल्यात डोके घातले.

त्यांनी चार पाकिटे घेतली. कॉलेजच्या मुलींनी घेतली. 'काळं का हाय' विचारून गेलेले एक गृहस्थ परत आले आणि काही न विचारता घेऊन गेले. गांडूळखतवाल्याने बायकोला फोन लावून विचारले आणि मग बायकोने सांगितले त्याच्या दुप्पट घेतली. संध्याकाळपर्यंत एक पोते रिकामे झाले. रविवारी तर लोक रांगेत उभे राहताना एकमेकांना सांगत होते, "आदी च्या घ्या, मग पापड. तशी पद्धत हाय हितली." आमची पद्धत झाली होती!

रविवारी दुपारी शेवटचे पाकीट उरले, तेव्हा गिऱ्हाइकांतल्या दोन बायका त्यावरून भांडायला लागल्या. शालनकाकूंनी ते काढून घेऊन स्वतःच्या पिशवीत टाकले. "ह्ये न्हाय मिळायचं. ह्ये गावात दाखवाय न्ह्यायचंय."

गावात जीपमधून उतरताना आईच्या हातात दुमडलेली रिकामी पोती होती. तिने ती काखेत धरली नाही, डोक्यावर घेतली. लांबून दिसावीत म्हणून!

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. यंदाही प्रदर्शन आहे. गटाची बैठक तिच्याच अध्यक्षतेखाली झाली. शालनकाकूंनीच तिचे नाव सुचवले म्हणे. मागून काकूंचा आवाज येतच होता: "त्याला सांग, जाहिरात तूच करायची म्हणून!"

मला गहिवरून आले. एवढे होऊनही या बायकांचा माझ्यावर विश्वास! मी म्हणालो, "काकू, या वेळी मी अगदी नीट करतो. मिनिटं, सेकंद, सगळं तपासून. एकही चूक होणार नाही."

मग काकूंनी फोन आईच्या हातातून ओढून घेतला.

"नीट? नीट केलीस तर याद राख! नीट केल्यालं कोण ऐकणार हाय? गेल्या साली केलतास, तसंच कायतरी बिघडवून दे."

तेव्हापासून मी लॅपटॉपपुढे बसलो आहे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे चूक मागितली आहे, आणि ती मनापासून करून द्यायची माझी इच्छा आहे. पण काय सांगू? त्या चार ओळी पहिल्याच फटक्यात, एकही तक्रार न करता, अगदी बरोबर चालताहेत!